न केलेली तक्रार

आवकबाईंनी त्या दिवशी साधी चार ओळींची चिठ्ठी लिहिली असती, तर पुढचा घोळ झालाच नसता. पण सोळा वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईकडून साध्या चिठ्ठीची अपेक्षा करणं हेच मुळात चुकीचं. आलेलं प्रत्येक पत्र वहीत चढवायचं, गेलेलं प्रत्येक पत्र वहीत चढवायचं, दोघांनाही शिक्का मारायचा आणि खिडकीपलीकडच्या माणसाला "उद्या या" म्हणायचं, हे काम त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं होतं की ऑफिसात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांच्या त्या आवकबाई. घरातल्या वाणसामानाच्या यादीवरसुद्धा 'विषय: साखर संपल्याबाबत' असं असायचं.

चिठ्ठी मागितली होती सुईणबाईंनी. आता सुईण म्हटल्यावर कंदील घेऊन येणारी म्हातारी कोणी डोळ्यांपुढे आणू नका. या सुईणबाई रीतसर शिकलेल्या, दवाखान्याच्या प्रसूती विभागात नोकरीला असलेल्या, पांढऱ्या बुटांच्या, चाळिशीतल्या. आवकबाईंना अठ्ठाविसावा आठवडा लागला होता, दुसरी खेप होती, आणि पहिल्या ऑपरेशननंतर या वेळी तरी नैसर्गिक बाळंतपण व्हावं अशी त्यांची फार इच्छा होती.

"इच्छा चांगली आहे," सुईणबाई म्हणाल्या. "दहातल्या सातजणींना जमतंही. इथेच करायचं, ऑपरेशनची खोली शेजारी तयार ठेवून, आणि मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्याजवळ. पण मला एक सांगा, मागच्या वेळी आतला छेद आडवा घेतला होता की उभा?"

"आडवाच," आवकबाई पोटाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "दिसतोय ना."

"तो वरचा. आत गर्भाशयावर कसा घेतलाय ते वरून कळत नाही. आत खालच्या बाजूला आडवा असेल तर आपण प्रयत्न करू. उभा असेल तर मी स्वतः तुम्हाला ऑपरेशनला नेऊन बसवीन आणि तुम्ही कितीही हातापाया पडलात तरी ऐकणार नाही. तेव्हा जुन्या दवाखान्यातून ऑपरेशनच्या नोंदीची झेरॉक्स आणा. अडतिसाव्या आठवड्यापर्यंत कागद आला नाही, तर इथले डॉक्टर ऑपरेशनची तारीख देतील. आमच्याकडचा नियमच आहे तो."

नियम म्हटल्यावर आवकबाई वाद घालत नसत. पण ऑपरेशन हा शब्द त्यांना नको होता, आणि त्याचं कारण टाके नव्हते की दुखणं नव्हतं.

पहिल्या वेळी लेक पायाळू होती, म्हणून ऑपरेशन ठरलं. कमरेत इंजेक्शन देऊन बाईला जागी ठेवतात, तसं ठेवायचं होतं. पण आवकबाईंच्या कण्याला जन्मापासून थोडा बाक आहे. तीन वेळा सुई घालून झाली, इंजेक्शन काही लागू पडलं नाही, आणि शेवटी पूर्ण भूल दिली. त्या जाग्या झाल्या तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. तोवर त्यांच्या लेकीला नवऱ्यानं पाहिलं होतं, सासूबाईंनी पाहिलं होतं, दोन नणंदांनी पाहिलं होतं, आणि गुडघ्याच्या प्लास्टरसाठी योगायोगानं त्याच मजल्यावर आलेल्या समोरच्या काकूंनीही पाहिलं होतं. पाहिलं ते पाहिलं, पण ऐकलंही होतं. त्या पोरीचं पहिलं रडणं जगातल्या चौदा माणसांनी ऐकलं, आणि आई त्यात नव्हती. आकडा नक्की आहे. आवकबाईंनी मोजले होते.

बरं, ऐकलं ते ऐकलं, गप्प तरी बसावं! पण सासूबाईंना नकलेचं अंग. घरी कोणी आलं की पाणी देऊन होईस्तोवर त्या सुरू व्हायच्या: "काय सांगू, दारातून आवाज आला, टॅहांऽऽ! टॅहांऽऽ! मी म्हटलं, ही आपलीच!" यावर समोरच्या काकू हटकून सुधारणा सुचवायच्या. "नाही हो, मधे थांबली होती जरा. टॅहां, मग थोडं थांबून, टॅहांऽऽऽ." मग दोघींत त्या थांबण्याच्या लांबीवरून वाद. लेक, आता साडेपाच वर्षांची, टाळ्या पिटून म्हणायची, "आजी, परत माझ्यासारखी रड ना!" आणि आवकबाई स्वयंपाकघरात जाऊन नळ पूर्ण सोडून भांडी विसळत बसायच्या. पाणीपुरवठा कार्यालयातली बाई, पण तेवढ्या वेळात किती पाणी वाया जातं याचा हिशेब त्यांनी कधी केला नाही.

तर त्यांना हवं होतं ते एवढंच. आपल्या बाळाचं पहिलं रडणं आपल्या कानांनी ऐकायचं. नवरा म्हणायचा, "अगं, नंतर काय कमी रडली का ती? वर्षभर रडत होती." माणूस चांगला, शाळेत भूमिती शिकवतो आणि सगळ्या शाळेचं वेळापत्रक बनवतो, पण काही गोष्टी त्याच्या चौकटीत बसत नाहीत.

अर्ज लिहायला आवकबाई रविवारी सकाळी बसल्या. विषय: शस्त्रक्रिया नोंदीची छायांकित प्रत मिळणेबाबत. संदर्भ: अर्जदाराची स्वतःची प्रसूती. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर प्रसूतीसमयी अर्जदार पूर्णतः बेशुद्धावस्थेत असल्याने सदर छेदाची दिशा अर्जदारास अवगत नाही.' इथवर ठीक होतं. पण हाताला वळण असतं. सोळा वर्षं थकीत पाणीपट्टीच्या नोटिसा ज्या वाक्यानं संपायच्या, ते वाक्य हातानं आपलं आपणच लिहून टाकलं: 'सात दिवसांच्या आत कार्यवाही न झाल्यास पुढील कारवाई करणे भाग पडेल, याची गांभीर्याने नोंद घ्यावी.' आणि खाली, प्रत माहितीसाठी: वैद्यकीय अधीक्षक, सचिव, व्यवस्थापन मंडळ, निवड नस्ती.

नवऱ्यानं वाचून विचारलं, "ही निवड नस्ती कोण?"

"कोणी नाही. ती फाईल असते. शेवटी लिहायचीच असते."

"छान झालंय," तो म्हणाला. त्यालाही चौकटी आवडतात.

अर्ज गेला. सात दिवस गेले, चौदा गेले. एकतिसाव्या आठवड्यात उत्तर आलं. आवकबाईंनी आधी त्याचा जावक क्रमांक पाहून मान डोलावली, मग वाचलं, आणि पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं. 'आपली तक्रार प्राप्त झाली असून तिची गंभीर दखल घेण्यात आली आहे. त्रिसदस्यीय चौकशी समिती नेमण्यात आली असून संबंधित फाईल पुढील आदेशापर्यंत मोहोरबंद करण्यात आली आहे.'

"म्हणजे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे मी कागद मागितला म्हणून त्यांनी तो कुलपात घातला," आवकबाई म्हणाल्या.

बातमी जिन्यावरून खाली उतरायला वेळ लागला नाही. समोरच्या काकू धावत आल्या. "बरं केलंस! खेच चांगलं कोर्टात. माझा गुडघा अजून वाजतो त्यांच्यामुळे." खालच्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले, साक्षीदार गोळा करा. काकूंनी लगेच साक्षीला यायची तयारी दाखवली. रडणं आपण स्वतः ऐकलंय आणि मधे थांबणं होतं, हे त्या शपथेवर सांगायला तयार होत्या. आवकबाई सुईणीकडे जातात हे कळल्यावर मात्र त्यांचा सूर बदलला. "अगं, आता एवढी मशिनं निघाली आणि तू सुईणीकडे? सरळ तारीख घ्यायची, ऑपरेशन करायचं, मोकळं व्हायचं. काय मेलं ते रडणं ऐकायचं, मी सांगते ना कसं असतं!" आवकबाई उठल्या आणि नळ सोडायला गेल्या.

समितीपुढे सुनावणी लागली ती पस्तिसाव्या आठवड्यात. लांबट टेबल, त्यापलीकडे तीन डॉक्टर, अलीकडे एक खुर्ची, आणि त्या खुर्चीला हात असल्यामुळे आवकबाई तीत मावेनात. उभं राहून बोलणं त्यांना अपमानाचं वाटलं. त्या स्वतः लोकांना सोळा वर्षं उभं ठेवत आल्या होत्या हा भाग वेगळा. शेवटी त्या खुर्चीच्या एका हातावर टेकल्या.

"तुमची तक्रार थोडक्यात सांगा," मधले डॉक्टर म्हणाले.

"माझी तक्रार नाही. मला झेरॉक्स हवी आहे."

"झेरॉक्स चौकशी पूर्ण झाल्यावर मिळेल. चौकशी तक्रारीची आहे. तक्रार काय?"

"नाहीच आहे तर सांगू काय?"

"मग मागे घ्या."

"केलीच नाही ती मागे कशी घेऊ?"

डावीकडच्या डॉक्टरीणबाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "ताई, 'पुढील कारवाई' असं लिहिलंय तुम्ही. गांभीर्यानं नोंद घ्या म्हणालात. आम्ही घेतली."

आवकबाईंच्या डोळ्यांपुढे एकदम खिडकीपलीकडची माणसं उभी राहिली. हातात नोटिसा धरून "बाई, यात कारवाई म्हणजे नक्की काय करणार?" असं भीत भीत विचारणारी. आणि त्या काय सांगायच्या? तशी पद्धत आहे, उद्या या. आता त्यांच्या तोंडून तेच आलं. "तशी पद्धत आहे हो." आणि बोलता बोलताच त्यांना आपली इतकी लाज वाटली की त्यांनी कागद मागून घेतला आणि तिथल्या तिथे लिहून दिलं: 'मी न केलेली तक्रार बिनशर्त मागे घेत आहे.' सोळा वर्षांत इतकं खोटं वाक्य त्यांच्या हातून कधी गेलं नव्हतं.

पण मोहोर उघडायला तिघांच्या सह्या लागतात, आणि मधले डॉक्टर दुसऱ्याच दिवशी रजेवर गेले. छत्तिसावा आठवडा गेला. सदतिसावा निम्मा सरला. इकडच्या डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी पुढच्या आठवड्यातला गुरुवार लिहून ठेवला, आणि वेळापत्रकवाल्या नवऱ्यानं तो भिंतीवरच्या तक्त्यात लाल पेन्सिलीनं भरला. आवकबाई त्या लाल चौकोनाकडे पाहत जेवायच्या. एकदा घास हातातच राहिला आणि त्या म्हणाल्या, "अहो, या वेळीसुद्धा तुम्हीच मला सांगणार, कसं रडलं ते." नवऱ्यानं उठून तो गुरुवार खोडला. खोडल्यानं काय होणार होतं? पण खोडला खरा.

शेवटचं एकदा पाहू म्हणून त्या जुन्या दवाखान्याच्या अभिलेख कक्षात गेल्या. तळघरात, जिना उतरून, एक-एक पायरी मोजत. तिथले अभिलेखपाल म्हणजे लोकरी टोपी घातलेले एक किडकिडीत गृहस्थ. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "सीलबंद आहे. सह्या झाल्या की या."

आवकबाईंच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं. त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, आणि समोर उघड्या पडलेल्या जुन्या आवक वहीकडे त्यांचं लक्ष गेलं. न राहवून त्या म्हणाल्या, "एकशे अठ्ठेचाळीसनंतर तुम्ही थेट एकशे पन्नास टाकलाय."

गृहस्थांनी वही ओढून घेतली, पाहिलं, टोपी मागे सारली. "आठ महिने झाले या गोष्टीला. तपासणीवाल्यांनासुद्धा दिसलं नाही." मग पहिल्यांदा त्यांनी नीट पाहिलं. "कुठल्या खात्यात?"

"पाणीपुरवठा. आवक-जावक."

"तरीच," ते म्हणाले, आणि त्या एका शब्दात इतकी आपुलकी होती की आवकबाईंचे डोळे भरून आले. "तो सात दिवसांच्या मुदतीचा अर्ज तुमचा! मी म्हटलं, कोण हा पट्टीचा माणूस. बाई, अहो, साधं कागदाच्या चिटोऱ्यावर नाव आणि तारीख लिहून आणली असतीत तर मी उभ्या उभ्या झेरॉक्स दिली असती. बसा. फाईलला सील आहे, मान्य. त्याला मी हात लावणार नाही. पण ऑपरेशन थिएटरचं स्वतःचं रजिस्टर असतं. त्यात प्रत्येक ऑपरेशन उतरवतात. त्याला कोणी सील केलंय?"

एकच गोष्ट दोन वह्यांत असते, हे जगाला शिकवणाऱ्या आवकबाई, आणि त्यांनाच सुचलं नव्हतं!

रजिस्टर आलं. जाडजूड, कोपरे दुमडलेलं. आवकबाईंनी तारीख सांगितली, गृहस्थांनी पान उघडून वही त्यांच्याकडे फिरवली. एका ओळीत सगळं होतं. गर्भाशयाचा छेद: खालच्या भागात, आडवा. मुलगी. वेळ: अकरा वाजून बेचाळीस. शेवटच्या रकान्यात कोणा परिचारिकेच्या गोलगोल अक्षरात: बाळ जन्मताच मोठ्याने रडले.

आवकबाईंनी ते तीनदा वाचलं. मग त्यांना हुंदका आवरेना.

"काय झालं? उभा निघाला का?" गृहस्थ घाबरले.

"नाही. आडवा आहे."

"मग चांगलंच झालं की! रडता कशाला?"

काय सांगणार? लिहून ठेवलं होतं हो. कोणीतरी ऐकलं होतं आणि रीतसर लिहून ठेवलं होतं. साडेपाच वर्षं ती नोंद इथे तळघरात पडून होती आणि जिची होती तिला कोणी कळवलंच नाही. "आवक उशिरा झाली," एवढंच त्या म्हणाल्या, आणि गृहस्थांना ते पूर्ण कळलं असावं, कारण त्यांनी झेरॉक्सच्या दोन प्रती काढल्या.

एक प्रत सुईणबाईंकडे गेली. त्यांनी छेदाचा रकाना वाचून "झकास" म्हटलं आणि कागद डॉक्टरांपुढे ठेवला. डॉक्टरांनी गुरुवार पुढे ढकलला. दुसरी प्रत आवकबाईंनी घरी कपाटात ठेवली, शेवटच्या रकान्याखाली पेन्सिलीनं बारीक रेघ ओढून. ती चष्मा शोधताना सासूबाईंच्या हाती लागली. त्यांनी वाचली, जागच्या जागी ठेवली, आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पाहुणे आले असताना काकूंनी "करून दाखवा ना ते" म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "माझा घसा बसलाय." त्यांचा घसा पुढेही बसलेलाच राहिला.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी नऊ वाजता, कळा आपणहून सुरू झाल्या. नवऱ्यानं त्यासाठी खास तक्ता केला होता: कळ क्रमांक, प्रारंभ, समाप्ती, शेरा. पाचव्या कळेनंतर त्यानं शेऱ्यात 'बरी' असं लिहिलं, आणि आवकबाईंनी तो तक्ता त्याच्या हातातून घेऊन फाडला. आयुष्यात त्यांनी फाडलेला तो पहिला कागद.

दवाखान्यात सुईणबाई हजर होत्या. पोटावर बाळाच्या ठोक्यांचा पट्टा बांधला, आणि मग त्या खरोखरच हलल्या नाहीत. कंबर दाबून दिली, चालवलं, बसवलं, पाणी पाजलं. दुपारी एक वेळ अशी आली की ठोके जरा मंदावले, डॉक्टर दारात येऊन उभे राहिले, शेजारच्या खोलीतले दिवे लागले. आवकबाईंना ते दिवे दाराच्या फटीतून दिसले. "नको, तिकडे नको," त्या म्हणाल्या. सुईणबाईंनी त्यांना कुशीवर वळवलं आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "जावं लागलं तर जायचं. मी तिथेही असेन. पण अजून गरज नाही. ऐका ठोके." ठोके सावरले होते. दिवे तसेच राहिले, पण डॉक्टर आत आले नाहीत.

तीन वाजून गेल्यावर सुईणबाई एकदम म्हणाल्या, "आता सगळ्यांनी गप्प. कोणी बोलायचं नाही. बाईंना ऐकायचंय." परिचारिका थांबल्या. डॉक्टर थांबले. फक्त नवरा थांबला नाही, कारण तो भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडत होता. "साहेब, तुम्हीसुद्धा!" सुईणबाई ओरडल्या. त्यानं तोंडात रुमाल कोंबला.

आणि बाळ आलं. ओलं, गरम, छातीवर. पण गप्प. एक क्षण गेला, दुसरा गेला. सुईणबाईंचे हात पाठीवर भराभर फिरत होते. आणि मग आधी एक नुसता उसासा, मग चिडकं, खरखरीत, लहानसं, आणि मग खोली भरून टाकणारं. विषय नाही, संदर्भ नाही, थेट तक्रार. आवकबाईंनी ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकून घेतली, आणि मगच कोणीतरी सांगितलं की हीसुद्धा मुलगीच आहे.

सासूबाईंचं मात्र हुकलं. दुपारभर त्या दाराला कान लावून बसल्या होत्या. नेमका काकूंचा फोन आला आणि "अजून काही नाही हो" हे सांगायला त्या जिन्यापाशी गेल्या. काकूंनी गुडघ्याचा विषय काढला. परत आल्या तोवर सगळं उरकलं होतं.

संध्याकाळी खोलीत सगळे जमले. थोरली पलंगावर चढून बहिणीची बोटं मोजत होती. सासूबाई पायथ्याशी बसल्या, जरा अवघडून, आणि खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "कशी रडली गं?"

आवकबाईंनी करून दाखवलं. आधीचा उसासा, मग ते खरखरीत, मग मोठं. काकू म्हणाल्या, "मधे थांबली असेल." आवकबाई ठामपणे म्हणाल्या, "नाही थांबली. मी ऐकलंय." काकूंनी पहिल्यांदाच आपली सुधारणा मागे घेतली.

थोरलीनं टाळ्या वाजवल्या. "आणि मी? मी कशी रडले होते?"

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. "माझा घसा..." त्या म्हणाल्या. नवरा खिडकीबाहेर पाहू लागला. त्या खोलीत नळ होता, पण आवकबाईंना उठता येत नव्हतं, आणि उठायचंही नव्हतं.

"आई," त्या म्हणाल्या, "करून दाखवा ना."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हलकेच, नेहमीचा नाटकीपणा टाकून, अगदी जसं ऐकलं होतं तसं त्यांनी केलं. टॅहां. थोडं थांबून, टॅहांऽऽऽ. काकूंचं बरोबर होतं तर. ती थांबली होती. आवकबाई डोळे मिटून ऐकत होत्या, एक हात धाकटीच्या पाठीवर, दुसऱ्या हातात थोरलीचा पाय.

"आई," डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा."